काटा, भाव आणि हिशेब

१९९८ ते २००० या काळात महाराष्ट्रात संगणकाच्या निमित्ताने दोन गोष्टी घडल्या. दोन्हींच्या मध्यभागी भागधारक होता, तरी त्या एकत्र मांडून कुणी पाहिल्या नाहीत. मुंबईच्या बाजारात ज्या कंपनीच्या नावात सॉफ्टवेअर किंवा इन्फोटेक असेल तिचा शेअर चढत होता. नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने राजेश जैन यांची इंडियावर्ल्ड ही संकेतस्थळांची कंपनी ४९९ कोटी रुपयांना घेण्याचा करार जाहीर केला आणि आकडा ऐकून बाजार थक्क झाला. त्याच सुमारास कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात, सत्तरेक गावांसाठी, संगणक केंद्रे सुरू झाली होती. खर्चाचा निम्मा वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा आणि उरलेला वारणा समूहाचा होता. शेतकरी त्या केंद्रावर जायचा तो आपल्या फडातला ऊस काट्यावर किती टन भरला आणि बिल कधी जमा होणार, एवढे विचारायला. तोही भागधारकच होता, पण त्याच्या शेअरला भाव नव्हता; मुंबईच्या शेअरला भावाशिवाय दुसरे काहीच नव्हते. इंटरनेट कंपन्यांच्या शेअरमधला सट्टा ही नव्या तंत्रज्ञानाने आणलेली नशा होती, असे सर्रास सांगितले जाते. कोल्हापूरचा इतिहास बाजूला ठेवून पाहिले तर ते पटतेही. तो इतिहास समोर घेतला की वेगळेच दिसते. सट्टा कशाच्या शेअरवर होतो, हे दुय्यम आहे. भागधारकाला धंद्याचा हिशेब दिसत नाही आणि दिसला तरी विचारता येत नाही, तिथे सट्टा शिरतो. मग तो धंदा समुद्र बुजवण्याचा असो, संकेतस्थळाचा असो की साखरेचा.

समुद्र बुजवण्याची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण आपल्याकडच्या सट्ट्याचा पहिला मोठा धडा तोच आहे. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशाला जागा हवी होती. बँका निघाल्या, वित्तसंस्था निघाल्या, आणि सगळ्यांत गाजली ती बॅकबे भराव कंपनी. पाच हजार रुपये भरलेल्या तिच्या शेअरचा भाव ५० हजारांच्या आसपास गेला. भराव पडायचा होता, जमीन विकायची तर दूरच होती. कापसाचे बडे व्यापारी आणि दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बँका कर्ज देत आणि तारण म्हणून त्याच फुगलेल्या कंपन्यांचे शेअर ठेवून घेत. बहुतेक सौदे वायद्याचे होते, म्हणजे आज भाव ठरवायचा आणि पैसे पुढच्या तारखेला चुकते करायचे. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले, कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ ही वायदे चुकते करण्याची तारीख शेकडो घरांच्या दिवाळखोरीची तारीख ठरली. बँक ऑफ बॉम्बेही त्यात बुडाली. मुंबईचे काँग्रेस पुढारी दिनशा वाच्छा यांनी पुढे १९१० मध्ये या प्रकरणावर पुस्तक लिहिले. त्या सट्ट्यात कापूस खरा होता, समुद्र खरा होता आणि भराव घालण्याचे तंत्रही नवे नव्हते. खोटी होती ती खरेदीदाराची माहिती. ज्याने शेअर घेतला त्याला भरावाचा खर्च, कंपनीची शिल्लक, बँकेने कुणाला किती दिले, यातले काहीच माहीत नव्हते. त्याच्यापाशी कालचा भाव होता आणि उद्याच्या भावाची आशा होती.

कोल्हापूर संस्थानात भागधारक जन्माला आला तो अगदी वेगळ्या गरजेतून. शाहू छत्रपतींनी १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली आणि कोल्हापूरचा गूळ दूरच्या बाजारांत जाऊ लागला. राधानगरी धरणाचे काम त्यांच्याच काळात सुरू झाले आणि ऊस वाढण्याची आशा निर्माण झाली. पण गुऱ्हाळावर गुळाचा रवा तयार झाला तरी त्याची किंमत ठरायची ती पेठेत, अडत्याच्या सौद्यात. हंगामासाठी घेतलेली उचल आधीच अंगावर असलेल्या शेतकऱ्याला सौदा नाकारण्याची ताकद नव्हती. भाव पडला की तोटा त्याचा आणि चढला की नफा माल साठवू शकणाऱ्याचा. सट्टा म्हणजे काय, हे या भागातल्या शेतकऱ्याने शेअर बाजारात न जाता, सौद्याच्या आवारातच अनुभवले होते. सहकाराचा विचार इथे रुजला तो या अनुभवावर. १९१३ मध्ये कोल्हापुरात अर्बन सोसायटी निघाली, तीच पुढे कोल्हापूर अर्बन बँक झाली. स्वातंत्र्यानंतर प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना चालवून दाखवला. त्यापाठोपाठ १९५०च्या दशकात रत्नाप्पाण्णा कुंभारांनी इचलकरंजीजवळ पंचगंगा कारखाना आणि तात्यासाहेब कोऱ्यांनी वारणेचा कारखाना उभा केला. कसबा बावड्याचा कोल्हापूर शुगर मिल्स हा तर मुळात कंपनीचा कारखाना. पुढे तोच छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखाना झाला. कंपनीकडून सहकाराकडे असा उलटा प्रवास या जिल्ह्याने पाहिला आहे.

सहकारी शेअरची घडण पाहिली तर ती सट्ट्याला दार बंद ठेवण्यासाठीच केली आहे, हे लक्षात येते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा. त्यात सभासदाकडे शेअर कितीही असोत, मत एकच. लाभांश १५ टक्क्यांच्या वर नाही. एका व्यक्तीने किती भाग घ्यावेत यालाही कायद्याने मुळातच मर्यादा घातली. शेअर दुसऱ्याच्या नावे करायचा तर तो किमान वर्षभर धरलेला हवा, घेणारा सभासद होण्यास पात्र हवा आणि संस्थेने त्याला मान्यता द्यायला हवी. सगळ्यांत महत्त्वाची अट परताव्याची. सभासद बाहेर पडला तर त्याने भरलेल्या रकमेपेक्षा एक रुपयाही जास्त मिळत नाही, मग कारखान्याची मालमत्ता शंभरपट का वाढलेली असेना. म्हणजे लवकर येणाऱ्याला बक्षीस नाही, उशिरा येणाऱ्याला दंड नाही आणि अधल्यामधल्या दलालाला काही कामच नाही. सभासदाचा लाभ शेअरमधून येतच नाही. तो येतो उसाच्या दरातून, पहिल्या उचलीतून, हंगाम संपल्यावरच्या पुढच्या हप्त्यातून आणि दिवाळीला मिळणाऱ्या सवलतीच्या साखरेतून. म्हणून या भागात शेअरच्या भावाची चर्चा कुणी करत नाही, ती होते दराची. दर वर्षी जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत पहिली उचल किती मागितली जाते, याकडे जिल्ह्याचे डोळे लागलेले असतात. मुंबईचा भागधारक शेअर विकून लाभ घेतो, कोल्हापूरचा ऊस घालून घेतो.

इतके वाचून कुणी म्हणेल की मग कोल्हापूरचा मार्ग बरोबर आणि मुंबईचा चूक. हा निष्कर्ष सोपा आहे, पण पुराव्याला टिकत नाही. इन्फोसिसचे उदाहरण घ्या. पुण्यात १९८१ मध्ये नारायण मूर्ती आणि त्यांच्या सहा सहकाऱ्यांनी दहा हजार रुपयांच्या भांडवलावर ही कंपनी काढली. फेब्रुवारी १९९३ मध्ये तिने ९५ रुपयांना शेअर विक्रीला काढला. दर्शनी किंमत १० रुपये होती आणि ८५ रुपये अधिमूल्य. ज्याने तेव्हा ९,५०० रुपये भरून शंभर शेअर घेतले आणि काहीही न करता ते नुसते धरून ठेवले, त्याच्याकडे बोनस आणि विभागणीनंतर २०१८ मध्ये १,०२,४०० शेअर होते. आता ज्याने वारणेच्या माळरानावर कारखाना होणार की नाही याची खात्री नसताना पदरमोड करून शेअर घेतला, त्या पहिल्या सभासदाच्या वारसाला तो शेअर परत करताना काय मिळते? भरलेली रक्कम. धोका दोघांनी पत्करला. किंबहुना पहिल्याच हंगामात बंद पडू शकणाऱ्या कारखान्यात पैसे घालणाऱ्याचा धोका जास्त होता. त्यातही कारखाना नीट चालला तर ठीक. चंदगड तालुक्यात हलकर्णीचा दौलत कारखाना कर्जात रुतला आणि जिल्हा बँकेच्या थकबाकीपोटी भाडेतत्त्वावर दुसऱ्यांकडे गेला. राज्यात कित्येक सहकारी कारखाने लिलावात निघाले आणि खासगी कंपन्यांकडे गेले. तिथल्या सभासदाला शेअर विकून वेळीच बाहेर पडण्याची सोय नव्हती. ज्या नियमाने सट्टेबाजाला बाहेर ठेवले, त्याच नियमाने सभासदाला आत कोंडले.

पण इन्फोसिसच्या सुरुवातीच्या भागधारकांना सट्टेबाज म्हणता येईल का? इथे नीट पाहायला हवे. १९९२ पर्यंत नव्या शेअरची किंमत दिल्लीत भांडवली निर्गमाचे नियंत्रक ठरवत. ती बहुधा कमी असे, म्हणून नवा शेअर मिळणे म्हणजे सोडत लागणे होते. त्याआधी १९७०च्या दशकात विदेशी चलन कायद्यामुळे परदेशी कंपन्यांना आपला वाटा कमी करावा लागला, तेव्हा कोलगेट, हिंदुस्थान लिव्हरसारखे शेअर स्वस्तात मिळाले आणि मध्यमवर्गाला अर्ज भरण्याची चटक लागली. १९९२ मध्ये नियंत्रकाचे पद गेले, शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिला कायद्याचे अधिकार मिळाले, किंमत ठरवण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांना आले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये दलाल हर्षद मेहताच्या रोखे घोटाळ्याचे प्रकरण बाहेर पडले. पुढच्या फेब्रुवारीत इन्फोसिस आली तेव्हा बाजार गारठलेला होता. इश्यू पूर्ण भरला नाही, मॉर्गन स्टॅन्लीने १३ टक्के वाटा उचलला तेव्हा कुठे तो पार पडला. जूनमध्ये नोंदणी झाली तेव्हा भाव १४५ रुपये होता. ज्यांनी अर्ज केला त्यांच्यासमोर बारा वर्षांचे काम, नफ्याचे ताळेबंद आणि परदेशी ग्राहकांची यादी होती. कालच्या चढत्या भावाची लालूच नव्हती, कारण भाव नव्हताच. शिवाय या कंपनीने १९९४ पासून आपल्या कर्मचाऱ्यांना शेअर द्यायला सुरुवात केली. जो काम करतो त्याचाच वाटा, ही कल्पना ऊस घालणाऱ्यालाच सभासद करणाऱ्या वारणेहून फार लांबची नाही. दोन्हीकडे सुरुवातीचा भागधारक धंद्याच्या जवळ होता. फरक इतकाच की एकाला त्याचे मोल रोखीत करता आले, दुसऱ्याला नाही.

१९९८ नंतर मात्र हे जवळचे नाते तुटले, आणि ते तोडण्यात भावाचा पडदा घरोघरी नेणाऱ्या यंत्रणेचाच मोठा हात होता. राष्ट्रीय शेअर बाजाराने १९९४ पासून उपग्रहाच्या जाळ्यावर व्यवहार सुरू केले आणि मुंबईबाहेरच्या दलालाच्या टेबलावरही क्षणाक्षणाचा भाव दिसू लागला. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने कागदी सर्टिफिकेट, हस्तांतरणाचा फॉर्म आणि पोस्टाने महिनाभर वाट पाहणे संपवले. या सुधारणा चांगल्याच होत्या. बनावट सर्टिफिकेट आणि सह्यांच्या घोळातून लोक सुटले. पण पडद्यावर भाव येत होता, कंपनीचा हिशेब येत नव्हता. त्यातच बदला पद्धत चालू होती, म्हणजे पूर्ण पैसे न देता सौदा पुढच्या आठवड्यावर ढकलता येत होता. १८६५ च्या वायद्याचीच ही धाकटी बहीण. दलाल केतन पारेखच्या पसंतीचे दहा शेअर के-१० म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांत हिमाचल फ्युचरिस्टिक, सिल्व्हरलाइन, पेंटामीडिया, डीएसक्यू सॉफ्टवेअर, आफ्टेक अशी नावे होती. कंपनी काय करते, हे विचारायची गरज उरली नाही; पारेखने घेतले आहे एवढे पुरे झाले. फेब्रुवारी २००० मध्ये सेन्सेक्सने ६,०००चा टप्पा पाहिला. १० मार्चला अमेरिकेचा नॅस्डॅक ५,०४८ वर बंद झाला आणि तिथून उतरू लागला. २००२ च्या शरदापर्यंत त्यातले तीन चतुर्थांशांहून अधिक मोल गेले होते. जून २००० मध्ये, म्हणजे उतार लागल्यावर, मुंबईच्या रेडिफ या संकेतस्थळाच्या कंपनीने नॅस्डॅकवर १२ डॉलरला शेअर विकला. मार्च २००१ मध्ये पारेखला अटक झाली आणि जुलैत सेबीने बदला बंद केला. त्या शिखरावर इन्फोसिसचा शेअर घेणाऱ्यालाही आपले पैसे परत दिसायला कित्येक वर्षे लागली. कंपनी तीच होती, ताळेबंद आणखी भक्कम होते. म्हणजे खोट तंत्रज्ञानात नव्हती, घेणाऱ्याच्या कारणात होती.

यावर एक जुना आणि वजनदार आक्षेप आहे. सट्टेबाज नसता तर नव्या गोष्टीला पैसा कुणी दिला असता? सावध माणूस ताळेबंद मागतो. जो धंदा अजून झालाच नाही त्याचा ताळेबंद कुठून आणायचा? मुंबईचा बॅकबे सट्टा कोसळला, पण भराव पडला. बुजवलेली जमीन मुंबई-बडोदा रेल्वेच्या मार्गाला उपयोगी पडली. प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर आजही मुंबई विद्यापीठाच्या आवारात आहे. इंटरनेटच्या उन्मादात टाकलेल्या तारा आणि शिकलेले हजारो तरुण पुढच्या उद्योगाला कामी आले. हा युक्तिवाद खोटा नाही, पण तो फक्त एका बाजूचा हिशेब सांगतो. समुद्र बुजला हे खरे, पण त्याचे पैसे कुणी दिले? ज्याने शेवटी शेअर घेतला त्याने, आणि ज्याने बँक ऑफ बॉम्बेत विश्वासाने ठेव ठेवली त्याने. त्या ठेवीदाराला विचारून कुणी धोका पत्करला नव्हता. धोका पत्करणे आणि दुसऱ्याच्या माथी मारणे या दोन गोष्टी एकच मानल्या तरच सट्टा समाजोपयोगी दिसतो. नव्या धंद्याला भांडवल मिळण्याचा दुसरा रस्ताही असतो, हे तर कोल्हापूर जिल्ह्यानेच दाखवले. १९५०च्या दशकात साखर कारखाना हा इथल्या शेतकऱ्यासाठी पुरता अनोळखी, प्रचंड भांडवलाचा आणि अनिश्चित उद्योग होता. सरकारने भागभांडवल दिले, वित्तसंस्थांनी कर्ज दिले आणि हजारो शेतकऱ्यांनी थोडे थोडे घातले. हा धोकाही मोठा होता, पण तो घेणारा आणि त्याचे फळ चाखणारा एकच होता.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो आणि तो सहकाराच्या अभिमान्यांनी नीट ऐकावा. शेअरला भाव नाही म्हणून सहकार सट्ट्यापासून सुरक्षित, असे म्हणावे तर २००१ आणि २००२ ही वर्षे आड येतात. केतन पारेखला पैसा पुरवणारी एक संस्था अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक होती. तिच्या पे ऑर्डर वटल्या नाहीत तेव्हा संकट उघडे पडले. पुढच्याच वर्षी होम ट्रेडचे प्रकरण झाले. वाशीच्या या कंपनीने इंटरनेटवरचे वित्तीय दालन म्हणून मोठा गाजावाजा केला होता. सचिन तेंडुलकर, शाहरुख खान आणि हृतिक रोशन तिच्या जाहिरातींत झळकले. नागपूर, उस्मानाबाद आणि वर्धा येथील जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांनी सरकारी रोखे घेण्यासाठी तिच्यासारख्या दलाल कंपन्यांना पैसे दिले. रोखे आलेच नाहीत. नागपूर बँकेचे प्रकरण एकवीस वर्षे चालले आणि डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने तत्कालीन अध्यक्षांसह काहींना दोषी ठरवले. इंटरनेटच्या शेअरचे नावही न ऐकलेल्या शेतकऱ्याची ठेव अशा रीतीने इंटरनेटच्या दिखाव्यात गेली. सभासदाला एक मत होते, वार्षिक सभेला जाण्याचा हक्क होता, अहवालाची छापील प्रत मिळत होती. पण आपल्या बँकेने रोखे कुणाकडून घेतले आणि ते हातात आले का, हे त्याला कळत नव्हते. संस्था गावातली असली म्हणून तिचा हिशेब गावाला दिसतोच असे नाही.

म्हणूनच वारणेच्या संगणकांकडे पुन्हा बारकाईने पाहायला हवे. सहकारी कारखान्याच्या सभासदाची सगळ्यांत जुनी शंका काट्याची आहे. तोडणी मजुरांची टोळी ऊस तोडते, ट्रॅक्टर किंवा बैलगाडी तो कारखान्यावर नेते, काट्यावर वजन होते आणि पावती निघते. त्या वेळी शेतकरी बहुधा तिथे नसतो. काटामारीचा आरोप शेतकरी संघटनांनी वारंवार केला आहे. कुठे तो खरा असेल, कुठे नसेल. पण न दिसणाऱ्या वजनावर संशय येणारच. गावातल्या केंद्रावर वजनाचा आकडा त्याच्या नावासमोर दिसू लागला, खताची उचल किती कापली हे दिसू लागले, बिलाची तारीख कळू लागली. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरमधील संशोधकांनी पाहिले, तेव्हा पन्नासेक केंद्रांतले संगणक जवळपास याच एका कामासाठी वापरले जात होते. इंटरनेट वगैरे फारसे कुणी वापरत नव्हते. २००७ च्या सुमारास त्यांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइल संदेशावर तीच माहिती देऊन पाहिली आणि काम स्वस्तात भागले. जाणकारांनी संगणक केंद्रांचा मूळ प्रयोग फसला असे म्हटले, कारण गावे जगाशी जोडली जातील ही घोषणा खरी झाली नाही. भागधारकाच्या बाजूने पाहिले तर तो फसला नाही. मुंबईच्या पडद्यावर एक शेअर शेजाऱ्याने कितीला घेतला हे दिसत होते; वारणेच्या पडद्यावर आपला माल किती भरला हे दिसत होते. माहितीचे जाळे एकच होते, पण एकाने भागधारकाला धंद्यापासून लांब नेले आणि दुसऱ्याने जवळ आणले.

अर्थात काट्याचे वजन म्हणजे कारखान्याचा ताळेबंद नव्हे. कर्ज कुणाकडून घेतले, साखर कोणत्या भावाने कुणाला विकली, आसवनीचा नफा कुठे गेला, हे त्या केंद्रावर दिसत नव्हते. दर वर्षीच्या सर्वसाधारण सभेत हे विचारता येते, पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या मोठ्या संस्थांच्या सभा कशा होतात हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला माहीत आहे. एका बाजूने ‘मंजूर, मंजूर’, दुसऱ्या बाजूने ‘नामंजूर’, आणि त्या गदारोळात विषयपत्रिका संपते. सहकाराने सभासदाला मत दिले, आवाज दिला, शेअर बाजारात नसलेली प्रतिष्ठा दिली. हिशेब वाचून दाखवण्याची आणि उत्तर मिळेपर्यंत सभा थांबवण्याची शिस्त मात्र दिली नाही. कंपनीच्या बाजारात उलटे आहे. तिमाही निकाल, लेखापरीक्षण, माहितीपत्रक हे सगळे कायद्याने छापले जाते. पण छोट्या भागधारकाचा आवाज कुणी ऐकत नाही आणि त्यालाही तो काढायचा नसतो, कारण न पटले तर विकून मोकळे होता येते. दोन्ही पद्धतींत अर्धा भाग आहे, अर्धा नाही.

२०२१ मध्ये इंटरनेट कंपन्या पुन्हा शेअर घेऊन आल्या, तेव्हा हे उणेपण नव्या रूपात दिसले. जुलैत झोमॅटोने ७६ रुपयांना शेअर विकला. नोंदणीच्या दिवशी तो शंभरच्या वर गेला, वर्षभरात पन्नासच्या खाली आला आणि पुढे काही वर्षांत कितीतरी वर चढला. नोव्हेंबरमध्ये पेटीएमचा २,१५० रुपयांचा शेअर पहिल्याच दिवशी २७ टक्क्यांच्या आसपास पडला. आजवर तोटा झाला आहे, हे दोन्ही कंपन्यांच्या माहितीपत्रकांत स्पष्ट छापले होते. पण अर्ज करणाऱ्यांचे लक्ष त्यापेक्षा नोंदणीआधीच्या अनधिकृत बाजारात, म्हणजे ग्रे मार्केटमध्ये, किती प्रीमियम चालला आहे याकडे होते. इथे १९९३ पासून एक मोठा बदल झाला होता आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. पेटीएमच्या १८,३०० कोटींपैकी १०,००० कोटी कंपनीला जाणारच नव्हते. ते आधीच्या भागधारकांनी आपला वाटा विकून घेतलेले पैसे होते. इन्फोसिसच्या वेळी सामान्य माणूस लवकर आलेला भागधारक होता. पेटीएमच्या वेळी लवकर आलेले निघून जात होते आणि सामान्य माणूस त्यांची जागा विकत घेत होता. हिशेब छापलेला होता, पण वाचायचा कुणी नव्हता. दुसऱ्या टोकाला, २०२२ मध्ये खुद्द कोल्हापुरात शेअर बाजारात पैसे लावून दर महिन्याला घसघशीत परतावा देतो असे सांगून हजारो लोकांकडून ठेवी घेतल्याचे प्रकरण पोलिसांत गेले. तिथे वाचायला हिशेबच नव्हता. सहकाराचा शतकभराचा वारसा असलेल्या जिल्ह्यातही हे घडले. वारसा कुणाला सट्ट्यापासून वाचवत नाही. वाचवते ती हिशेब मागण्याची सवय.

तेव्हा सट्टेबाज कोण आणि खरा भागधारक कोण, हे ओळखायला पैसे कधी घातले, कशात घातले किंवा किती मिळाले यांतली एकही कसोटी पुरत नाही. १९९३ मध्ये ताळेबंद पाहून इन्फोसिस घेणारा भागधारक होता आणि २००० मध्ये भाव पाहून तीच कंपनी घेणारा सट्टेबाज. वारणेचा सभासद काट्यावर लक्ष ठेवतो तोवर भागधारक आहे. सभेत न वाचता ‘मंजूर’ म्हणतो तेव्हा तोही आपला पैसा आंधळेपणाने दुसऱ्याच्या हाती सोपवतो, फक्त त्याला सट्टा म्हणण्याची पद्धत नाही. यातून निघणारी मागणी साधी आणि व्यवहाराची आहे. सहकारी संस्थेने लेखापरीक्षणाचा अहवाल, कर्जाचे तपशील आणि विक्रीचे दर सभासदाच्या मोबाइलवर काट्याच्या वजनाइतकेच नियमाने पाठवावेत, आणि दीर्घकाळ साथ देणाऱ्या सभासदाला वाढलेल्या मालमत्तेतला काही वाटा बाहेर पडताना मिळावा. कंपनीच्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर, पैसा धंद्यात किती जाणार आणि जुन्या मालकांच्या खिशात किती, हे मातृभाषेत, मोठ्या अक्षरांत असावे. एवढ्याने सट्टा संपणार नाही. पण जो सट्टा करेल तो जाणूनबुजून आणि स्वतःच्या जबाबदारीवर करेल. १८६५ पासून आजवर दर वेळी ज्यांनी किंमत मोजली त्या ठेवीदारांना आणि शेवटी आलेल्यांना तेवढे तरी मिळायला हवे.